वेढ्यातला तोफगोळा आणि पाडव्याचा चक्का

"तोफगोळा काय पाय फुटून चालत गेला?" मिस्टर प्रॉक्टर ओरडले, आणि रुहीच्या हातातला टोस्ट खाली पडला.

स्प्रिंग ब्रेकचा पहिलाच दिवस, त्यात गुढीपाडवा! तेरा वर्षांची रुही, तिचा धाकटा भाऊ ईशान आणि दुसऱ्या काकांची मुलगी केया, दिगंबरकाका-अहिल्याकाकूंबरोबर अल्फारेटाच्या घरून सात तासांचा प्रवास करून काल दुपारी व्हिक्सबर्गला आले होते. मुक्काम प्रॉक्टर घराण्याच्या जुन्या घरात. दीडशे वर्षांपूर्वीच्या सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धात, या गावाला सत्तेचाळीस दिवस वेढा पडला होता. तेव्हा या घराचं छप्पर फोडून एक तोफगोळा आत आला. तो दिवाणखान्यात शेकोटीपाशी ठेवलेला असे. आज सकाळी तो गायब!

"रात्री दिवाणखान्याला कुलूप तुम्ही लावता, लोरेटा," प्रॉक्टर म्हणाले. "अकरा वाजता पाहुणे गोळा बघायला येतायत. तोवर मिळाला नाही, तर चावी ठेवा आणि घरी जा. कायमच्या!"

मिस लोरेटा या घराच्या गाइड. काल त्यांनीच मुलांना घराचा कोपरान् कोपरा दाखवला होता.

"माझ्या पणजीची आई या घरात गुलाम होती," त्या म्हणाल्या. "गोळा पडला तेव्हा ती चुलीपाशी उभी होती. तो गोळा मी चोरीन?"

प्रॉक्टर पाठ फिरवून निघून गेले.

"दॅट्स सो अनफेअर!" केया उसळली. "काका, तुम्ही काहीतरी बोला ना!"

दिगंबरकाका फोनवर फोटो चाळत होते. "मोठ्यांच्या भानगडीत आपण पडू नये. आणि काय गं, तो गोळा काल होता तरी का?"

"काका! तुम्ही त्याचे आठ फोटो काढलेत!"

"फोटो काढले गं, बघितलं कुठे?"

रुहीने कपाळावर हात मारला. अहिल्याकाकूंची तर आणखीच तऱ्हा! त्या स्वयंपाकघरात पुण्याच्या पद्मिनीमावशीशी फोनवर बोलत होत्या. "तोफगोळा? मी बाई नाही पाहिला. तुम्ही घर बघत हिंडत होतात, तेव्हा मी दही बांधत होते. आता बोलू द्या मला!"

म्हणजे मोठ्यांकडून मदत शून्य. घड्याळात साडेदहा झाले होते.

"काल सहा वाजता गोळा होता," ईशान म्हणाला. "मी उचलायला गेलो आणि ओरडा खाल्ला. बारा पौंडांचा आहे यार!"

"दिवाणखान्याला कुलूप नऊ वाजता लागलं," रुही म्हणाली. "सहा ते नऊ बाहेरचं कोणीच आलं नाही. म्हणजे गोळा घरातच आहे."

तिघांनी सोफ्याखाली बघितलं, जिन्याखाली बघितलं, लाकडांच्या पेटीत हात घालून काळे करून घेतले. काही नाही! हात धुवायला ते स्वयंपाकघरात आले. ओट्यावर एका पातेल्यावर चाळण होती आणि तिच्यावर नॅपकिन झाकलेला. खाली थेंब थेंब पाणी गळत होतं. केया त्याच्याकडे बघतच राहिली.

"काकू दरवर्षी चक्क्यावर वजन म्हणून काय ठेवते?"

"खलबत्ता," ईशान म्हणाला.

"आणि तो कुठे आहे?"

"अल्फारेटाला..." ईशानचे डोळे मोठे झाले. "ओ माय गॉड!"

त्याने नॅपकिनकडे हात नेला मात्र, मागून काका गरजले, "खबरदार! नैवेद्याचा चक्का आहे तो. पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही!"

"पण काका, त्याच्यावर..."

"पण नाही न् बिण नाही!"

"काकू, वजन काय ठेवलंयस?" रुहीने विचारलं.

"फोनवर आहे, दिसत नाही का?"

सिरियसली! या लोकांशी बोलायचं तरी कसं? पावणेअकरा झाले. दारातून दिसत होतं, मिस लोरेटा चावी काढून टेबलावर ठेवत होत्या. रुहीने दात-ओठ खाल्ले, आणि मग एकदम नाक मुरडून मोठ्याने म्हणाली, "ईशान, तुला वास येतोय? चक्का आंबलाय वाटतं."

"हो गं! श्रीखंड विकतचंच आणावं लागणार."

"माझा चक्का? आंबला?" काकूंनी फोन टाकला, धावत येऊन नॅपकिन ओढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, काळाभोर, गोल...

"मिस्टर प्रॉक्टर! मिस लोरेटा! लवकर या!" केया किंचाळली.

"अगंबाई! हा तोफगोळा?" काकू ओशाळल्या. "मला वाटलं दाराला लावायचं वजन! चष्मा गाडीत होता. पण स्वच्छ धुऊन घेतलाय हो, साबण लावून, तारेच्या घासणीने!"

"दीडशे वर्षांचा गंज!" प्रॉक्टर मटकन खुर्चीत बसले. काकांनी दोघांच्या वतीने चारदा माफी मागितली. काकूंनी तर लोरेटांचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी. माझ्यामुळे तुमच्यावर आळ आला."

गोळा हातात आल्यावर प्रॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. ते रुहीची पाठ थोपटत म्हणाले, "काय हुशार मुलं आहेत तुमची!"

"आहेतच मुळी!" काका लगेच छाती फुगवून म्हणाले.

रुहीला राग आवरेना. सकाळपासून ओरडून घसा बसला, आणि आता कौतुक!

"थँक यू सर," ती म्हणाली, "पण आमचं राहू दे. तुम्ही मिस लोरेटांना सॉरी म्हटलं नाहीत अजून."

काका "रुही!" म्हणायला निघाले, पण काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं. प्रॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते उठले, दिवाणखान्यात जाऊन चावी घेऊन आले आणि लोरेटांसमोर उभे राहिले.

"माझं चुकलं, लोरेटा. मला माफ करा."

लोरेटांनी चावी घेतली.

"आमच्या पाच पिढ्या या घरात राबल्या," त्या म्हणाल्या, "पण हे शब्द इथे आज पहिल्यांदा ऐकले."