पुढची चाकं, मागची चाकं

पावसाची भुरभुर चालू होती आणि चढाच्या मधोमध माझी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत होती. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला नाही, हेच नवल. तो छत्री न घेताच उतरला आणि माझ्या काचेशी वाकला.

"डिकीत काय आहे?"

"वाळूची पोती. चढावर मागे वजन हवं... बाबांची शिकवण आहे."

"बाबांच्या गाडीला मागची चाकं ढकलत असणार. ही पुढच्या चाकांनी ओढते. पोत्यांमुळे तिचं नाकच वर उचललं गेलंय."

गाडी आत्याची, पोती बाबांची आणि शोभा माझी. त्यानं हसू आवरायचा प्रयत्न केला — फारसं जमलं नाही. आम्ही दोघांनी मिळून पोती कडेला टाकली, आणि गाडी मुकाट्यानं वर गेली.

तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीचं काम करायचा. मी जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती आणि तिथं स्वतःची गाडी हवीच होती. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी त्याच्या शोरूममध्ये गेले. निदान आत्याला तरी मी तसंच सांगितलं.

"हिच्या चारही चाकांना ताकद मिळते," एका गाडीत मला बसवत तो म्हणाला. "कुठलं चाक घसरतंय ते गाडीच ओळखते. तुम्ही काही करायचं नाही."

"आणि ही?"

"हिच्यात हा दांडा तुम्ही ओढायचा. मग चारही चाकं एकदम जोर लावतात. चिखल, दगड, काही असो. फक्त कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढू नका, वळताना अडून बसते."

"हट्टी आहे म्हणजे."

"तुम्हाला शोभेल."

"सगळ्या गिऱ्हाइकांशी असं बोलता?"

"नाही... सगळ्यांशी नाही," तो म्हणाला आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागला.

मी पुन्हापुन्हा जात राहिले. गाडी ठरत नव्हती, कारण ती ठरली की मी जाणार होते. शेवटी धीर करून विचारलं, "समजा... मी इथंच राहिले, तर कुठली घेऊ?"

त्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"इथं ती पुढच्या चाकांची छोटी पुरेल," तो म्हणाला. "पण डोंगराचं नाव काढलं की तुमचा चेहरा खुलतो. दांड्याची घ्या."

मला इतका राग आला. एक शब्द बोलायला काय जात होतं त्याचं? मी सह्या केल्या, किल्ली घेतली आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

डोंगरावर कामाला तोटा नव्हता. एका दुपारी दवाखान्याच्या अंगणात मी वासराच्या पायाला पट्टी बांधत होते, तेवढ्यात रस्त्यावर हशा पिकला. एक छोटी गाडी शेपटीकडून, उलटी, चढ चढत येत होती. आतून तो उतरला. मान एका बाजूला वाकडी.

"उलटी का आणलीत?"

"माझी पुढच्या चाकांची आहे. सरळ चढवली की वजन मागे जातं आणि ती चाकं घसरतात. उलटी चढवली की तीच खालच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं." त्यानं मान चोळली. "मान मात्र कामातून गेली."

"एवढा खटाटोप कशासाठी?"

"त्या दिवशी 'राहा' म्हणायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही राहिलाही असता. पण मग रोज या डोंगराकडे बघत बसला असता... ते मला बघवलं नसतं. मला तुम्ही आवडता. फार."

राग कुठल्या कुठे पळाला. किती दिवस मी याच माणसाची वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

"मलाही तुम्ही," मी म्हणाले. "आता हे वासरू धरा. पट्टी झाली की तुमची मान बघते. पण मी जनावरांची डॉक्टर आहे हं."

"चालेल," तो म्हणाला आणि वासराशेजारी निमूट मांडी घालून बसला.