बाहेरच्या खोलीतले बुडबुडे

बसा, कंदील जरा अलीकडे ओढतो. लाइट गेलीच आहे, तर त्र्याऐंशी सालची ती संध्याकाळ सांगून टाकतो.

त्या दिवशी मी देवासहून टोंकखुर्दला गेलो होतो, वर्षाचा गहू ठरवायला. वैशाख नुकताच लागला होता. माझी थोरली बहीण, आक्का, तिच्या मुलीला, ताईला, घेऊन धारला एका लग्नाला गेली होती. घरात होते फक्त दोन मासे, बाहेरच्या खोलीत.

समुद्राचे मासे, आणि देवासात! लोक हसायचे. पण मी कारखान्याच्या लॅबमधला केमिस्ट, पाण्यातलं मीठ मोजणं माझ्या हातचा मळ. मुंबईच्या ट्रकवाल्याला सांगून समुद्राचं पाणी कॅनमधून मागवायचो. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौस माझी नव्हतीच. आक्का नऊ वर्षं घरात असून नसल्यासारखी होती. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते मासे आणले आणि तिसऱ्याच दिवशी त्यातला एक काचेआडून तिच्या बोटामागे फिरू लागला. आक्का हसली. त्या हसण्यासाठी मी सबंध अरबी समुद्र उचलून आणला असता.

चैत्रात माशांच्या परांवर रव्यासारखे पांढरे दाणे दिसायला लागले. बारीक किडे असतात ते, मासा पोखरून खातात. उपाय असा, की मासे वेगळ्या टाकीत काढायचे, तिथे अगदी मोजून मोरचूद द्यायचं, आणि मोठी टाकी सहा आठवडे बिनमाशांची ठेवायची. मासाच मिळाला नाही की तिथले किडे उपाशी मरतात. वेगळी टाकी ठेवायला घरात एकच जागा होती, ती बाहेरची खोली.

"त्या खोलीत?" आक्कानं विचारलं.

"दुसरी जागा नाही गं."

"मग कुलूप लावायचं नाही," ती म्हणाली.

त्या खोलीत तिचा मुलगा गेला होता. मानाजी, सात वर्षांचा. चौऱ्याहत्तर साली त्याला घटसर्प झाला. डॉक्टर म्हणाले, इंदूरहून इंजेक्शन आणा, तोवर पोराला वेगळं ठेवा. ताई तेव्हा अंगावर पीत होती आणि आक्का काही केल्या ऐकेना, सारखी आत धावायची. म्हणून इंदूरला निघताना मी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. परतायला चार तास लागले. मानाजीचा श्वास कोंडत होता, तो आतून दारावर वाटी आपटत होता. आक्का बाहेरून दाराशी झुंजत होती. रोगाच्या भीतीनं शेजारचं कोणी कुलूप तोडायला पुढे आलं नाही. मी आलो तेव्हा वाटी वाजायची थांबली होती. आक्कानं मला एका शब्दानं कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

तर, टोंकखुर्दहून येताना बस बंद पडली. घरी पोचेतो दिवेलागण झाली होती आणि सगळी कॉलनी अंधारात. शेजारचा उमाशंकर ओट्यावर वारा घेत बसला होता.

"सुभाष भिया, लाइट तो ग्यारह बजे की गई हे, अब तक नी आई."

लाइट नाही म्हणजे हवेचा पंप बंद. उन्हाळ्याचे दिवस, टाकी लहान, पाणी तापलेलं. मासे तीन तासही काढायचे नाहीत, आणि इथे आठ तास झाले होते. पुन्हा तीच खोली, आणि पुन्हा मला उशीर. आक्काला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

कंदील लावून मी दार ढकललं. आतून खाऱ्या पाण्याचा वास आला आणि त्यात मिसळलेला फिनेलचा. मानाजीच्या दुखण्यात टाकलं होतं, त्यानंतर नऊ वर्षांत त्या खोलीत कोणी फिनेल टाकलं नव्हतं.

आणि बुडबुडे वाजत होते...

पंपाचे बुडबुडे एकसारखे येतात. हे जरा वेळ यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. मी कंदील वर धरला. दोन्ही मासे जिवंत होते. पंप फळीवर गप्प पडला होता आणि त्यातून नळी सुटलेली होती. तिचं एक टोक पाण्यात होतं आणि मोकळं टोक अधांतरी, जमिनीपासून दीड हातावर. सात वर्षांचं पोर भिंतीला टेकून बसलं, तर त्याचं तोंड तिथे येईल.

दोन फुंकरींच्या मध्ये घशातली घरघर ऐकू येत होती.

"मानाजी...?"

बुडबुडे थांबले. नळी थरथरली. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागले. पळून जावंसं वाटत होतं. पण एक गोष्ट मला लख्ख कळली. तो मला घाबरला होता. मी पुन्हा दार ओढून घेईन म्हणून.

मी उंबऱ्यातच बसलो, पाठीनं दार अडवून.

"मामा आहे रे... दार उघडंच आहे... फुंक, बाळा..."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक बुडबुडा आला. मग दुसरा. मी रडत बसलो होतो आणि तो फुंकत होता.

नऊला लाइट आली आणि नळीचं टोक टपकन खाली पडलं. उचलून पाहिलं तर ते ओलं होतं, कोमट होतं, आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या. मधल्या दोन दातांची जागा मोकळी. आजारी पडला त्याच महिन्यात मानाजीचे पुढचे दोन दात पडले होते.

आक्का आल्यावर मी नळी तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती खुणांवरून अंगठा फिरवत राहिली.

सहा आठवडे भरले. माशांच्या अंगावर एक दाणा उरला नव्हता. त्यांना बादलीत घेऊन मी निघालो आणि सवयीनं पायानं दार ओढलं. आतून वाटी वाजली. तीन वेळा.

आक्का मागेच उभी होती.

"माशांना त्यांच्या घरी नेतोस," ती हळूच म्हणाली. "आणि त्याला, सुभाष?"

बादली खाली ठेवून मी दार सताड उघडलं. आक्का आत गेली. तिनं रिकाम्या हवेत हात पुढे केला, बोटं मिटली, आणि सावकाश, लहान पावलांच्या बेतानं चालत मोठ्या टाकीपर्यंत आली.

त्याला आता पाच वर्षं झाली. आक्का हसते, बोलते, ताईला रागावतेसुद्धा. घाबरू नका, ती टाकी तुमच्या पाठीमागेच आहे. पंप बंद आहे आणि मासे मजेत आहेत, ऐका... लाइट गेली की दर वेळी असंच. गेल्या महिन्यात नळी जुनी झाली म्हणून बदलली, तेव्हा टोक निरखून पाहिलं. दातांच्या खुणा होत्याच. मधली मोकळी जागा मात्र आता भरली आहे.