काकांचे शॉर्टकट

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि यापुढेही ठेवणार नाही. पण घडलं ते सांगते.

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात लिनक्सवर चालणारं एक जुनं कॉम्प्युटर मशीन आहे. पेशंटने उशाची घंटा दाबली, की ती या मशीनमधून सिस्टरांच्या बोर्डावर वाजते आणि तिथे पेशंटचं नाव, वय, दाखल झाल्याची तारीख दिसते. माझ्याआधी ते एक वयस्कर ऑपरेटर सांभाळायचे, सगळे त्यांना काका म्हणायचे. एके दिवशी मशीनसमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. टायपिंगचा त्यांना भारी कंटाळा, म्हणून लांबलचक कमांडना एक-दोन अक्षरांचे शॉर्टकट करून ठेवलेले. अपडेटच्या कमांडवर मात्र त्यांनी एक खोडी केली होती. ती दिली की अपडेट व्हायचंच नाही, पडद्यावर नुसतं यायचं, "आज नको."

वर्षानुवर्षं अपडेट नाही, मशीन अडकायला लागलेलं. गेल्या महिन्यात एका आजोबांनी घंटा दाबली, ती वाजलीच नाही आणि ते पलंगावरून पडले. हेड सिस्टर म्हणाल्या, काका बजावून गेलेत, मशीनला हात लावायचा नाही. मी म्हटलं, हे आजोबांना जाऊन सांगा.

भर दुपारी खाली उतरले. ट्यूबलाइटची घरघर, दमट भिंती आणि कुठूनतरी काका लावायचे त्या डोकेदुखीच्या बामचा वास. शॉर्टकट पुसला, कमांड दिली.

"आज नको."

शॉर्टकटची फाइल उघडली, तर पुसलेली ओळ जागच्या जागी. पुन्हा पुसली, पुन्हा आली. बामचा वास आता अगदी मानेमागे. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त राग आला. कमांडच्या आधी तिरपी रेघ दिली की मशीन शॉर्टकट सोडून थेट मूळ कमांड चालवतं. मी ती रेघ दिली.

"पोरी... आज नको म्हटलं ना."

हे वाक्य कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

"काका," मी मोठ्याने म्हणाले, "तुम्ही गेलात. वरची माणसं अजून आहेत." तीच कमांड पुन्हा ठोकली.

ओळी भराभर धावायला लागल्या. वास ओसरला. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. सिस्टरांनी एकेका पलंगाची घंटा दाबून पाहिली, सगळ्या खणखणीत. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतच गिरकी घेतली. तेवढ्यात हेड सिस्टरांचा फोन.

"तळघरातून कोण घंटा दाबतंय गं? थांबतच नाहीये..."

तळघरात घंटा कधीच नव्हती.

"बोर्डावर पेशंट कोण दिसतंय?"

त्यांनी बोर्डावरची ओळ वाचली.

"तुझं नाव आहे... वयसुद्धा बरोबर."

"वाजू दे," मी म्हटलं. "ठणठणीत आहे मी."

अजून वाजते ती. मी दर आठवड्याला अपडेट करते, एकही चुकवत नाही. बोर्डावर माझ्या नावापुढे दाखल झाल्याची तारीख असते. ती रोज पुढे सरकते, रोज उद्याचीच असते. मी ती बघते, "आज नको" म्हणते आणि खाली उतरते.