तळची ओळ

ती आली ती चुकून. निघाली होती वरच्या मजल्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे, पण हातातलं ओझं घेऊन जिना चढायचं जिवावर आलं, म्हणून तिने खालचंच दार ढकललं. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड तिने पोटाशी धरलं होतं. टॉवेल कोरडा होता आणि ती मात्र पावसाने निथळत होती.

“दुरुस्ती होते ना इथे?”

टेबलाखाली वायरी जोडत बसलेला माणूस डोकं आपटत बाहेर आला. “नाही... इथे लग्नाच्या, वाढदिवसाच्या व्हिडिओ कॅसेट तयार होतात.”

एवढं लांब वाक्य तो सहसा बोलत नसे. दिवसाला मोजून वीस शब्द, त्यातले दहा ‘हं’. स्टुडिओचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. मशीन कुठलंही असो, मौनीबाबाच्या हातात ते गुपचूप चालू लागे. माणसांशी मात्र त्याचं जमत नसे.

तिने टॉवेल सोडला. आत एक जुना कॉम्प्युटर होता. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र, आणि प्रोग्राम भरायचे ते साध्या कॅसेटवरून. दादाच्या ऑफिसातून भंगारात निघाला होता. तिने तो वाचवला होता आणि त्यावर ती अक्षरं काढत असे. चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका मांडून, मग एकेक आकडा टाकून.

“पण टीव्हीवर सगळं फिसकटतं,” ती म्हणाली. “‘क्ष’ काढला तर भिंतीवर डास चिरडल्यासारखा दिसतो. दादा म्हणतो कॉम्प्युटरच गेलाय, टाकून दे.”

त्याने कॉम्प्युटर उलटा केला. मागे एक गोल सॉकेट होतं, सहा भोकांचं. त्याने त्यावर बोट ठेवलं. “हा बरा आहे. टीव्हीचीच नजर अधू असेल.”

“सिद्ध करा.”

तिने सहज म्हटलं, पण त्याने मनावर घेतलं. कोपऱ्यात एक मॉनिटर होता. एक टीव्ही केंद्र बंद पडलं तेव्हा काकांनी उचलून आणलेला. राखाडी लोखंडी खोका, पडदा लहानसा, मागे सॉकेटांची रांग. त्याला ना चॅनेल, ना आवाज. समोर येईल ते खरं-खरं दाखवायचं, एवढंच त्याचं काम. पण कॉम्प्युटरचं सॉकेट एका जातीचं, मॉनिटरची दुसऱ्या जातीची. दोघांना जोडणारी वायर बाजारात मिळत नव्हती.

“चार दिवस लागतील,” तो म्हणाला.

ती चारही दिवस आली. “माझा कॉम्प्युटर आहे, लक्ष नको ठेवायला?” म्हणत स्टुलावर बसायची. तो सोल्डर करायचा, ती धूर फुंकून उडवायची... आणि तो नेमका त्याच्याच डोळ्यांत जायचा.

“लाल, हिरवी, निळी,” ती मोजायची. “आणि ही चौथी कशाला?”

“चित्र जागेवर धरायला. ती नसली तर नुसतं घरंगळत राहतं.”

“तुमच्यासारखीच आहे म्हणजे. काम सगळं तिचं, आणि दिसत कुठेच नाही.”

तो हसला. आतल्या खोलीतून काकांनी मान वर करून पाहिलं. मौनीबाबा हसतो, ही त्यांना बातमी होती.

चौथ्या दिवशी वायर जोडली, तर रंग इतके भडक की डोळे मिटावेत. कॉम्प्युटरचा जोर मॉनिटरला सोसत नव्हता. तीन वायरींत त्याने एकेक बारीक रेझिस्टर घातला. रंग निवले, पण चित्र वरून खाली घरंगळायला लागलं. त्याने सगळे जोड पुन्हा तपासले, कपाळाला घाम आला.

“हे एक बटण दाबायचं राहिलंय का?” तिने विचारलं आणि मॉनिटरवरचं, चौथ्या वायरीसाठीचं ते बटण दाबलंही.

चित्र जागच्या जागी उभं राहिलं. काळ्या पडद्यावर पांढरा ‘क्ष’, सुईने कोरल्यासारखा. दोघं कितीतरी वेळ बघत राहिले. तिचा ओला दुपट्टा त्याच्या कोपराला लागत होता. त्याने कोपर हलवलं नाही. तिनेही दुपट्टा ओढला नाही.

काकांनी त्याच दिवशी तिला कामावर ठेवलं. लग्नाच्या कॅसेटींवर नवरानवरीची नावं, भोवती वेलबुट्टी... ती कॉम्प्युटरवर काढायची, आणि तो मॉनिटरसमोर कॅमेरा लावून टिपायचा. कॉम्प्युटर ती रोज टॉवेलात गुंडाळून घरून आणायची आणि संध्याकाळी परत न्यायची. तिचं नाव पडलं टायटलवाली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

एका गोष्टीसाठी मात्र तो तिला रोज बोलायचा. या मॉनिटरवर एक बटण होतं, ते दाबलं की चित्र अगदी काठापर्यंत दिसे. घरच्या टीव्हीत तसं नसतं. तिथे चारी बाजूंनी दोन-दोन बोटं चित्र चौकटीमागे जातं.

“कडेला काही लिहू नकोस,” तो म्हणायचा. “इथे दिसतं. घरी कापलं जातं.”

“हो रे बाबा, शंभरदा सांगितलंस!”

असे तीन महिने गेले. मग एका गुरुवारी ती स्टुलावर बसून कागदावर उगाचच ठिपके काढत राहिली.

“वहिनीच्या भावाने मला विचारलंय,” ती म्हणाली. “लग्नाचं. रविवारी उत्तर द्यायचंय.”

“हं.”

“माणूस वाईट नाही. घरातलाच. नाही म्हणायचं तर... काहीतरी कारण हवं ना.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “दुसऱ्या कोणी विचारलेलंही नाही.”

एवढं बोलून ती त्याच्याकडे बघत राहिली. याहून उघड बाईमाणसाने काय बोलायचं? त्याने तिची पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. तो म्हणाला, “शनिवारी तुला एक गोष्ट देतो.”

शुक्रवार-शनिवार तो जेवणाच्या सुट्टीतही उठला नाही. तिच्या चौकटीच्या कागदावर तिच्यासारखेच ठिपके मांडत बसला. एक मोठं फूल काढलं. त्याखाली लिहिलं, ‘माझ्याशी लग्न करशील?’ लिहिल्यावर ते फार मोठं वाटलं, अंगावर आल्यासारखं. मग त्याने अक्षरं बारीक केली. तरीही धीर होईना, म्हणून ओळ खाली सरकवली. आणखी खाली. अगदी तळाला गेली तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. प्रोग्राम कॅसेटवर भरून त्याने ती तिच्या हातात दिली.

“घरी बघ.”

“आत्ता लावू ना!”

“नको. घरी.”

सोमवारी ती आली. पिशवी ठेवली, खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली.

“कोबी पाहिला,” ती म्हणाली.

“कोबी नाही. गुलाब आहे.”

“असेल. छान आहे.” ती थांबली. “तेवढंच ना?”

त्याला वाटलं, हे तिचं उत्तर. दुखवायचं नाही म्हणून फुलावर बोलतेय. तो खाली बघत म्हणाला, “हं. तेवढंच.”

“मी काल हो सांगितलं घरी.”

“चांगलं झालं,” तो म्हणाला, आणि उरलेला दिवस त्याने नीट चालणारं एक मशीन खोलून पुन्हा जोडण्यात घालवला.

दोन महिने ती येत राहिली, काम करत राहिली. धूर फुंकायला मात्र आली नाही. लग्न आठवड्यावर आलं तेव्हा काका म्हणाले, “आपल्या टायटलवालीचं टायटल बाहेरचा कोण करणार? तूच कर गं बाई, माझ्याकडून भेट.”

त्या दुपारी बाहेर अवकाळी पावसाची रिपरिप चालू होती. तिने त्याचीच कॅसेट आणली होती.

“तुझा कोबी पुसला नाही,” ती म्हणाली. “त्याच्यापुढे माझं भरलंय.”

कॅसेट अगदी सुरुवातीपर्यंत मागे गेलेली होती. प्रोग्राम भरला, आणि मॉनिटरवर आलं ते फूल. पाकळ्यांवर पाकळ्या, खरंच कोबीसारखं. आणि त्याखाली, तळाशी, बारीक पण स्वच्छ, एक ओळ.

तिने ती वाचली. मग जवळ जाऊन पुन्हा वाचली, ओठ हलवत.

“हे कधी लिहिलंस?”

“तेव्हाच,” तो म्हणाला. त्याला काही कळेना. “तू वाचलंस ना...”

“आमच्या टीव्हीवर नव्हतं हे.”

त्याच्या हातातून कॅमेऱ्याचं झाकण खाली पडलं, गोल फिरत टेबलाखाली गेलं. तीन महिने ज्याने तिला कडेवरून धारेवर धरलं होतं, त्याने आपल्या आयुष्यातला एकुलता एक प्रश्न कडेलाच नेऊन ठेवला होता.

“रविवारी चार वेळा लावली मी कॅसेट,” ती म्हणाली. आवाज चढत होता. “चार वेळा! म्हटलं फुलापुढे काहीतरी असेल. दादा म्हणाला, काय कोबी बघत बसलीयेस, उत्तर दे. ...अरे, इथून तिथे चार फूट अंतर आहे! मी इथे बसले होते. तुला तोंड होतं.”

“भीती वाटली.”

“मला नव्हती वाटत?”

तिने डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली.

“आता विचार,” ती हळू म्हणाली. “दादा ओरडेल, वहिनी जन्मभर बोलणार नाही. ते मी बघेन, माझं मी निस्तरेन. तू फक्त विचार. तोंडाने.”

मॉनिटर बारीक गुणगुणत होता. तो तिच्याकडे बघत राहिला. शब्द अगदी दातांपर्यंत आला, आणि तो म्हणाला, “पत्रिका... वाटून झाल्या ना?”

तिने खुर्ची मागे सरकवली.

“झाल्या,” ती म्हणाली. “तुला एक सांगू? वहिनीचा भाऊ फार बडबडतो. डोकं उठतं माझं. पण चहा घेशील का, थकलीस का, माझ्याशी लग्न करशील का... सगळं तोंडाने विचारतो. एवढंच आहे त्याच्याकडे. तेवढंच तुझ्याकडे नाही.”

तिने कॅसेट पुढे नेली, आपलं टायटल लावलं. तिचं नाव, शेजारी दुसऱ्याचं. त्याने कॅमेरा लावला, हात न हलवता टिपलं. काम चोख झालं. त्याचं काम नेहमीच चोख होई.

कॉम्प्युटर तिने टॉवेलात गुंडाळला. दाराशी बसून सँडलचा पट्टा लावला. मग तोच सोडला आणि पुन्हा लावला, सावकाश, खाली मान घालून. पट्ट्याला एवढा वेळ लागत नाही. त्यालाही ते कळत होतं.

“भिजशील,” तो म्हणाला.

“हं,” ती म्हणाली, आणि गेली.

दार मिटलं. दाराबाहेरची पावलं संपली, रस्त्यावरचीही संपली. तेव्हा त्याचं तोंड उघडलं. “माझ्याशी लग्न करशील?” तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. मोठ्याने, स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता. इतकं सोपं होतं.

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, “काय रे मौनीबाबा, मला काही म्हणालास?”

“नाही काका,” तो म्हणाला. “तुम्हाला नाही.”