सेक्टर दोनमध्ये हॉर्न वाजवू नये

पहिली भेट झाली ती भांडणातूनच. सकाळी अकराला रेणूच्या क्वार्टरसमोर एक जुनी डिझेल टॅक्सी थांबली आणि हॉर्न केवढ्यांदा तरी वाजला. रेणूचे बाबा, कृष्णराव, प्लांटमधली नाइट करून नुकतेच झोपलेले. ती तरातरा बाहेर आली, टॅक्सीवाला हिंदीभाषक समजून त्याला हिंदीत चार शब्द सुनावले आणि परत वळताना मराठीत पुटपुटली, "भैताड कुठला."

"मराठी समजते मले," मागून आवाज आला. "भैताड बी समजते."

रेणूनं वळून पाहिलं... आणि हसू काही आवरलं नाही.

त्या दिवसापासून त्या टॅक्सीवाल्यानं, कमलेशनं, सेक्टर दोनमध्ये हॉर्नला हात लावला नाही. पुढं हुडको वसाहतीतल्या ज्या लॅबमध्ये रेणू कामाला होती, तिथल्या मुलींना न्यायला त्याचीच टॅक्सी लागली. हॉर्नची गरज तरी कुठं होती म्हणा. तो खटारा पाण्याच्या टाकीपाशी वळला, की अख्ख्या गल्लीला कळायचं. रेणू फणी ठेवायची, बाबांच्या खोलीचं दार हलकेच लोटायची आणि गाडी थांबायच्या आत फाटकात हजर.

"माझी वाट पाहून राहते का रोज?"

"तुझी कशाले? खटाऱ्याची."

"मग तं संपलंच. खटारा चालला आता भंगारात."

खरंच होतं ते. जुन्या डिझेल टॅक्सी काढून हायब्रिड गाड्या आणायचं शहरानं मनावर घेतलं होतं. स्टँडवर एकेकाचा नंबर लागत होता, कमलेशचा तेवढा यायचा होता.

एका शुक्रवारी त्यानं रेणूला गाडीपाशीच थांबवलं. बाकीच्या मुली लॅबमध्ये गेल्यावर म्हणाला, "आईनं भंडाऱ्याची पोरगी पाहून ठेवली. रविवारी सांजच्याले होकार कळवाचा आहे." मग थांबून — "रविवारी अकराले मी येतो. तुले माझी व्हायचं असन, तं बाहेर ये. सरळ आईपुढं उभी करतो. नाही आली... तं समजून जाईन. फोनवर नकार नको देऊ, रेणू. तो मले ऐकवणार नाही. पुन्हा विचारणार बी नाही."

रविवारी रेणू दहालाच तयार. मोरपंखी ड्रेस, कानात झुमके. पुढच्या खोलीत बाबा पडदे ओढून झोपलेले, म्हणून ती मागं स्वयंपाकघरात बसली, जिवाचा कान करून. अकरा वाजले. साडेअकरा... बारा. टाकीपाशी खटारा काही वळला नाही.

"आईले भेला वाटते," ती स्वतःशीच म्हणाली आणि झुमके काढून ठेवले. बोलावणारा तो, न येणारा तो, मग फोन तिनं का करावा? सोमवारी लॅबच्या मुलींना न्यायला दुसराच टॅक्सीवाला आला. तिनं कोणाला काही विचारलं नाही. नळ सोडून पोटभर रडली तेवढी.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, ती फाटकात आली आणि थबकली. समोर पांढरी टॅक्सी उभी. कधी आली, कळलंच नाही. आत कमलेश. शेजारच्या सिंधुताईंना स्टेशनवर न्यायला आला होता. हाताची हळद अजून पुरती उतरली नव्हती.

"ही कवा घेतली?" तिनं विचारलं.

"त्या शनिवारी. नंबर लागला एकदम." तो खाली बघत म्हणाला, "म्हटलं, पहिली सवारी तुझी. गाडीच्या पूजेचा हार बी तसाच ठेवला होता. पाऊण तास उभा होतो मी, रेणू."

तिनं गाडीकडे पाहिलं. "आवाज..."

"हळू चालते तवा बॅटरीवर असते. आवाज नाही करत."

"अन् हॉर्न?"

"काका नाइट करून झोपले होते ना."

सांगून टाकावं? सगळं ओठांवर आलं होतं. पण त्या भंडाऱ्याच्या पोरीनं कोणाचं काय घोडं मारलं होतं?

"तुले नव्हतं यायचं, तं ठीक आहे," तो म्हणाला. "मी समजून गेलो."

"हो."

फाटकाची कडी लावताना मात्र तिला राहवलं नाही. "कमलेश, ही गाडी घरात ऐकू येत नाही. कोणाले घ्याले गेला, तं हॉर्न वाजवत जा."

ती आत गेली. दाराआडून तिला दिसलं — तो तसाच बघत राहिला, मग त्याचा चेहरा उतरत गेला. त्याचा हात हॉर्नवर गेला आणि तिथंच थांबला. पुढच्या खोलीचे पडदे ओढलेले होते; बाबांची त्या आठवड्यात पुन्हा नाइट होती.