हेस्लॉपसाठी ठेवलेलं पान

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाहीये. रंगवायला अंगात काही उरलेलंच नाही. माझ्या घरात घडली आहे, एवढं पुरे. ज्यांना पटणार नाही, त्यांनी खुशाल सोडून द्यावी.

आम्ही सिंगापूरला राहतो, क्वीन्सटाउनमध्ये. मी अनघा. माझा नवरा सौमित्र आयटीत. आमच्या ब्लॉकमागच्या मैदानावर दर शनिवारी संध्याकाळी सौमित्र आणि इतर मराठी इंजिनियरांची फुटबॉल टीम जमायची. पुण्यात असताना यातल्या निम्म्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता.

कोच मात्र खराखुरा इंग्रज. रॉन हेस्लॉप.

तरुणपणी इंग्लंडमध्ये खालच्या डिव्हिजनला डिफेन्डर होता. गुडघा गेला, लंगडा झाला, मग मॅनेजर झाला. एक क्लब, दुसरा क्लब, शेवटी इथला एक क्लब. सगळीकडून सीझन अर्धा असतानाच काढून टाकलेला. त्याच माणसानं आमच्या पोटं सुटलेल्या टीमला फुकट शिकवलं, तेही नुसत्या माझ्या कांदेपोह्यांवर.

गेल्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. इथे त्याचं कोणी नव्हतं. टीमनंच सगळं केलं.

दहाव्याला सौमित्र म्हणाला, “अनघा, पान ठेवायला हवं गं. आपलाच माणूस होता.”

इथे पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे. तरी मैदानाच्या कडेला, टचलाइनवर, कोचच्या घडीच्या खुर्चीपुढे, पोह्यांचं पान ठेवलं. झाडावर कावळे होते...

एकही खाली येईना.

मग आपल्याकडे करतात तेच सुरू झालं. गेलेल्याची इच्छा ओळखायची आणि शब्द द्यायचा. टीमचा गोलकीपर प्रीतम म्हणाला, “कोच, लीग जिंकून दाखवू.” कोणी म्हणालं, दरवर्षी तुमच्या नावानं मॅच ठेवू.

कावळे हलले नाहीत.

शेवटी सौमित्रनं हात जोडले. “कोच, टीम तुमचीच. मी फक्त तुमच्या जागी उभा राहीन.”

कावळा उतरला... आणि शिवला.

सगळ्यांनी हुश्श केलं. मीही केलं.

पुढच्या शनिवारपासून सुरुवात झाली. कोचची शिट्टी कोणाच्याच तोंडात नसायची, तरी वाजायची... धो धो पाऊस पडायचा, रिकाम्या खुर्चीची बैठक मात्र कोरडी...

आणि सौमित्र लंगडायला लागला. डॉक्टर म्हणाले, गुडघा ठणठणीत आहे.

घरी तो बोलेनासा झाला. जेवताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचा.

“सौमित्र, कुठे असतोस रे?”

“टीमकडे बघतोय,” तो म्हणायचा. इंग्रजीत.

मी आधी रडले, मग भांडले, मग दोन्ही बंद झालं. मला माझा नवरा परत हवा होता, बाकी काही नको होतं. मी प्रीतमला गाठलं.

“वहिनी, कोच नेहमी म्हणायचे,” तो खाली बघत म्हणाला, “मॅनेजर आपणहून जात नसतो. त्याला काढावं लागतं.”

“मग काढा ना!”

“आमच्यानं नाही होणार. जीव लावला हो त्यांनी.”

म्हणून मी गेले. डिसेंबरातला शनिवार होता, पाऊस नुकताच थांबला होता. टीम वॉर्मअप करत होती. सौमित्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

मी एचआरमध्ये आहे. माणसांना काढायची वाक्यं मला तोंडपाठ आहेत. खुर्चीकडे बघून मी इंग्रजीत म्हटलं, “तुम्ही जे केलंत त्याबद्दल आभार. आजपासून तुम्ही या टीमचे मॅनेजर नाही. आता निघा.”

नाव घेतलं नाही. मेलेल्या माणसाला नावानं हाकलायचं जिवावर आलं.

शिट्टी थांबली...

मग ओल्या गवतात पावलं उमटू लागली. एकेक करत, गेटच्या दिशेनं. समोर कोणी नव्हतं. फक्त गवत दबत होतं...

मला एवढं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या लक्षात आलं.

ती पावलं लंगडत नव्हती.

मी ओरडले, “सौमित्र!” पावलं एक क्षण थांबली... आणि गेटबाहेर गेली.

खुर्चीमागचा माणूस माझ्याकडे वळला. इंग्रजीत, अगदी अदबीनं त्यानं विचारलं, “तुम्ही कोणाची वाट बघताय का?”

तो माझ्याच घरात राहतो. ऑफिसला जातो, कधी आवाज चढवत नाही. तक्रार करावी असं काहीच नाही.

रविवारी पुण्याहून सासूबाईंचा फोन येतो. स्क्रीनवर ‘आई’ दिसलं की तो फोन माझ्या हातात देतो आणि बाहेर जातो.

“सौमित्र बरा आहे ना गं?” त्या विचारतात.

मी “हो” म्हणते. तो कुठे आहे, हे मला माहीत नाही.