परशराम अजून चालू आहे

पटलं तर वाचा, नाहीतर पुढे सरका. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत, बंगळूरात, राजाजीनगरमधल्या एका बेकरीच्या वरच्या सॉफ्टवेअर ऑफिसात.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

गेल्या वर्षीचा पितृपंधरवडा चालू होता. शनिवार. कस्तुरी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात तापट पोरगी, राग कायम नाकावर. त्या दिवशी तर ती सकाळपासूनच धुमसत होती. दुसऱ्या दिवशी निपाणीला तिच्या बाबांचा पहिला म्हाळ, पक्षातलं श्राद्ध होतं. घरी तिची आई, आमची अहल्यामावशी, एकटी. संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलेलं. आणि मॅनेजर प्रणीतने बजावलं होतं, "टेस्ट पास झाल्याशिवाय लीव्ह नाही हं. सोमवारी रिलीज आहे यार."

टेस्ट काय होती ते सांगते. कॉम्प्युटरवर चालणारं प्रत्येक काम, म्हणजे प्रोसेस, दुसऱ्या कुठल्यातरी कामाने सुरू केलेलं असतं. ते त्याचा बाप. त्या बापालाही बाप असतो. यांच्या कंपनीचं टूल ही वंशावळ शोधायचं. काळ्या स्क्रीनवर नाव टाइप करायचं, की पार मूळ पुरुषापर्यंत सगळे हजर.

ते बरोबर चालतं का हे बघायला कस्तुरीने तीन स्क्रिप्ट, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, लिहिल्या होत्या. पहिली दुसरीला सुरू करायची, दुसरी तिसरीला. तिसरी नुसती झोपून राहायची. मग मधलीला मारायचं, म्हणजे बंद पाडायचं. बाप मेला की पोरक्या लेकराला मशीनची सगळ्यात पहिली प्रोसेस पदरात घेते, असा नियम. टूलने तेवढं दाखवलं की झालं.

ऑफिसातले बाकीचे लोक स्क्रिप्टना एक, दोन, तीन अशी नावं द्यायचे. हिचा त्यात सारखा गोंधळ व्हायचा. मग वैतागून हिने घरचीच नावं घातली. आप्पाजी, परशराम, कस्तुरी. म्हणजे आजोबा, बाबा आणि आपण स्वतः.

पक्षाचे दिवस. सूर्य डोक्यावर. आणि ही बाई पितरांना पिढीवार नावं घेऊन पुन्हा पुन्हा हाका मारत बसलेली. भटजी म्हाळाला दुसरं काय करतात? पण हिच्या लक्षातही आलं नाही.

तिने परशरामला मारलं. टूलला विचारलं, कस्तुरीचा बाप कोण?

उत्तर आलं...

परशराम. चालू आहे.

"काय डोंबल चालू आहे," ती पुटपुटली आणि परत मारलं.

परशराम. चालू आहे.

तिने टूल बाजूला ठेवून स्वतः तपासलं. मशीनवर त्या नावाचं काहीच शिल्लक नव्हतं. मेला होता. टूल तरी म्हणत होतं, आहे. तिने कोड बदलला. पुन्हा बदलला. डबा तसाच राहिला, चहा गार झाला. मशीन बंद करून चालू केलं.

परशराम. चालू आहे.

तेवढ्यात मावशीचा फोन. "निघालीस काय गं? एकटीला काय सुचंना झालंय."

"निघते गं आई. हे मरेना झालंय."

"काय मरेना?"

बाबांचं नाव घेऊन काय सांगणार?

फोन ठेवला आणि तिला जाणवलं... खालच्या बेकरीतला आवाज थांबलाय. दिवसभर 'अण्णा, येरडु टी', दोन चहा, चाललेलं असतं. आता काही नाही. रस्त्यावरच्या रिक्षाही नाहीत. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

आणि मग खुर्चीच्या मागे...

कुणीतरी खोकलं.

कोरडा, आखूड खोकला. तिच्या बाबांसारखा, तंबाखूच्या वखारीत उभा जन्म काढलेल्या माणसाचा.

तिने वळून पाहिलं नाही. ती मला म्हणाली, भीती नंतर वाटली. आधी आला तो संताप. दिवसभराचा, वर्षभराचा. बाबा गेले तेव्हाही ती अशाच कुठल्याशा रिलीजपायी वेळेत पोचली नव्हती.

"बाबा, म्हाळ तुमचाच आहे," ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली. "तुम्ही सोडल्याशिवाय मी येऊ कशी? जावा की आता."

तिला रडू फुटलं. रडत रडतच तिने परत मारलं.

परशराम... नाही.

पंखा घरघरायला लागला. खाली कुणीतरी चहा मागितला. तिने डोळे पुसले, बॅग ओढली आणि उठता उठता उत्तराची शेवटची ओळ वाचली.

कस्तुरीची पालक: अहल्या. चालू आहे.

तिने मावशीचं नाव कुठल्याच स्क्रिप्टमध्ये घातलं नव्हतं. सगळं मशीन धुंडाळलं. तशी फाइलच नव्हती. पण या वेळी टूल खोटं बोलत नव्हतं. त्या नावाची प्रोसेस खरोखर चालू होती.

तिने लगेच मावशीला फोन लावला, बरी आहेस ना विचारलं.

"बरी आहे की," मावशी म्हणाली. "आत्ताच डोळा लागला होता बघ. स्वप्नात आले होते हे. म्हणाले, मी निघालो, पोरीला तू धर."

कस्तुरीने फोन ठेवला. तेवढ्यात प्रणीत आला. स्क्रीन बघून वैतागला.

"अगं, हे काय? कुठलीतरी स्ट्रे प्रोसेस आहे. तिला मार ना, परत रन कर, आणि पकड तुझी बस. सिंपल."

तिच्या खांद्यावरून वाकून त्याने स्वतःच टाइप केलं. अहल्याला मारायची आज्ञा. बोट एंटरवर गेलं...

कस्तुरीने कीबोर्डची वायर उपटली.

"वेडी आहेस का तू?" तो ओरडला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा आम्ही भावंडंसुद्धा मागे सरतो. तोही सरला. टेस्ट नापास ठेवून, रजा न मागता, तिने बस पकडली.

सोमवारी प्रणीतने तीच टेस्ट स्वतःच्या मशीनवर चालवली. एक, दोन, तीन. पहिल्या फटक्यात पास.

कस्तुरीचं मशीन मात्र तेव्हापासून बंद झालेलं नाही. लाईट गेली तरी चालू राहावं म्हणून तिने स्वतःच्या पगारातून त्याला बॅटरी लावलीय. चांगल्या चांगल्या कंपन्यांतून बोलावणी आली, दुप्पट पगाराची. ही जात नाही. नवीन मशीन देतो म्हणाले, घेतलं नाही. का, ते कुणाला सांगत नाही. मला सांगितलं, तेव्हा मी हसले होते.

गेल्या महिन्यात मी निपाणीला मावशीकडे होते. दुपारी भाजी निवडत गप्पा चालल्या होत्या. बोलता बोलता मावशी थांबली. भिंतीला टेकली. तिला धाप लागली, ओठ पांढरे पडले. मी पाणी आणायला धावले, तोवर फोन वाजला.

कस्तुरी होती.

"आई कशी आहे?" तिने विचारलं. "इथे लाईट गेलीय. बॅटरी संपत आलीय."